हवालदारांचा उजवा पाय

७ एप्रिल, मंगळवार

चि. धाकट्यास,

पाकिटावर 'आदरणीय फादर' असंच लिहिलंय, घाबरू नकोस. पोस्टमनसमोर तुझी पत राखली. आत मात्र तू धाकटा आणि मी अक्का, आणि यात बदल करायला समितीची बैठक बोलावून उपयोग नाही.

समितीवरून आठवलं. काल तुझी गाडी नव्या नेमणुकीवर बिशपांच्या गावाकडे निघाली आणि तासाभरात वृद्धाश्रम समितीच्या सेक्रेटरींनी मला ऑफिसात बोलावून एक कागद हातात दिला. टाइप केलेला. वर 'माफीपत्र', खाली माझ्या सहीसाठी रेघ. मजकूर असा की, गुरुवारच्या विधीसाठी बसवलेल्या बारा वृद्धांचे पाय आधी स्वच्छ करून ठेवण्याचं काम माझ्याकडून अनवधानाने राहून गेलं, आणि भर मिस्सेत, उपासना चालू असताना, मी फादरना उद्देशून अनुचित शब्द उच्चारले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. हे मी २६ तारखेच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून वाचायचं. वाचलं तर माझा वॉर्ड मला परत. नाही वाचलं तर एक मेपासून वृद्धाश्रमाला माझी गरज नाही. तोपर्यंत मला कपड्यांच्या खोलीत टाकलंय, चादरींच्या घड्या घालायला.

मी वाचणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

अनुचित शब्द म्हणे! काय बोलले मी? "धुवा ना फादर, थांबलात कशाला?" एवढंच बोलले. त्यात अनुचित काय आहे? जरा मोठ्याने निघालं, हे कबूल. पण चर्चमध्ये आवाज घुमतो, त्याला मी काय करू? ती इमारत मी बांधलेली नाही.

प्रभूने गुडघ्यावर बसून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून वर्षातून एका गुरुवारी तूही आमच्या पुरुष वॉर्डातल्या बारा म्हाताऱ्यांचा एकेक पाय धुतोस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं बुधवारबद्दल आहे. बुधवारी दुपारी मी त्या बाराही जणांना बाकावर ओळीने बसवते. कोमट पाणी, साबण, घासणी. टाचांच्या भेगांतला मळ जुन्या टूथब्रशने काढते. नखं कापते, आणि म्हाताऱ्यांची नखं म्हणजे काय चीज असते ते तुला ठाऊक नाही, कात्री वाकते. गुरुवारी सकाळी पुन्हा एकदा सगळं. मग पावडर, मग धुतलेले मोजे. संध्याकाळी तुझ्यासमोर पाय येतो तो असा, की त्यावर पाणी ओतणं म्हणजे घासून पालथ्या घातलेल्या ताटावर पुन्हा नळ सोडणं. तुझ्याआधी दोन फादर झाले, त्यांच्या वेळेलाही मीच. अठरा वर्षं झाली. आणि लोक घरी जाताना एकमेकांना सांगतात, काय ती फादरची नम्रता, डोळ्यांत पाणी आलं!

या वर्षी गिझर बंद होता, म्हणून धुणं राहिलं. संपलं. त्यासाठी माफी कसली मागायची? गिझरकडून घ्या म्हणावं लिहून.

आणि तू, बाबा रे, चौथ्या खुर्चीपाशी आलास. हवालदारांची खुर्ची. बत्तीस वर्षं चौकात उभं राहून वाहतूक सांभाळलेला माणूस, शिरा फुगून घोट्याशी जखम झालेली, ती बरी व्हायचं नाव घेत नाही. तू हात पुढे केलास, जखम दिसली, वास आला असेल, आणि हात मागे घेतलास. मग वरूनच, लांबून, तांब्यातून थोडंसं पाणी सोडलंस आणि पुढच्या खुर्चीकडे सरकलास. चारशे माणसांनी पाहिलं. मी खांबाशी टॉवेल घेऊन उभी होते, मीही पाहिलं. मग माझ्या तोंडून गेलं ते गेलं.

जेवत जा वेळेवर. हे मी रागातच लिहितेय, पण लिहितेय.

अक्का

*

११ एप्रिल, शनिवार

धाकट्या,

चार दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बिशपांचे मुख्य सचिव झालात, आता पत्राला उत्तर द्यायलाही वेगळा सचिव लागत असेल.

गिझर चालू होता.

लिहून टाकलं एकदाचं. तो बंद नव्हता, काहीही बंद नव्हतं. साबण होता, टॉवेल होते, मी होते. मी मुद्दाम धुतले नाहीत. आणि दरवर्षी हवालदारांचा डावा पाय पुढे असतो, कारण जखम उजव्याला आहे. या वर्षी मी त्यांचा उजवा बूट काढला. वरची पट्टीही मीच सोडली. घे, आता तुझ्या हातात सगळा पुरावा आहे, हवा तर समितीला नेऊन दे. मी कुणाला घाबरत नाही.

का केलं, विचार. ऑफिससमोरच्या भिंतीवर गेल्या वर्षीचा फोटो लावलाय, चौकटीत. तू गुडघ्यावर, मान खाली, हातात एक स्वच्छ पाय. उजव्या कडेला कुणाचा तरी कोपरापर्यंतचा हात आलाय, टॉवेल धरलेला. तो माझा. फोटोवाल्याला मी म्हटलं, बाबा, निदान खांदा तरी घ्यायचास. तो म्हणाला, अहो ताई, तुम्ही हलत होता. हलणारच! बारा पाय पुसायचे होते. मार्चमध्ये तुझ्या नव्या नेमणुकीची बातमी आली तेव्हा सेक्रेटरींनी त्याच फोटोखाली उभं राहून भाषण केलं, की नम्रता म्हणजे काय हे आम्ही या माणसाकडून शिकलो. तू शेजारी हात जोडून उभा. मी मागे चहाचे कप गोळा करत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला फोटोत यायचं नव्हतं, नीट समजून घे. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, तुझ्यासमोर खरा पाय यावा. मळलेला, दुखणारा. मग बघू म्हटलं.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी सतरा. शाळेतून यायचास, पायरीवर बसायचास आणि बोलता बोलता पाय पुढे करायचास, जणू पाय धुवायला अक्का असतेच. मी धुवायचे. चिखल असो, शेण असो, एकदा तर खिळा घुसलेला होता. मी नाक मुरडलं नाही कधी. आणि तू चारशे लोकांसमोर हात मागे घेतलास. मला तुझी लाज वाटली रे. खूप वाटली.

इथे कपड्यांच्या खोलीत मावशी आहेत, पंचवीस वर्षं इथेच. त्या म्हणाल्या, "अगं, सही करून मोकळी हो. कागदच तर आहे." मी म्हटलं, "मावशी, डाग पडलेली चादर तुम्ही घडी घालून कपाटात ठेवाल का?" तर म्हणाल्या, "रोज ठेवते. डाग आतल्या बाजूला घ्यायचा."

वॉर्डात नवी नर्स ठेवलीय. शिकलेली आहे, हातमोजे घालते आणि एकेकाला चार मिनिटांत उरकते. मी घड्याळ लावून पाहिलं दारातून.

अक्का

*

१६ एप्रिल, गुरुवार

फादर,

तुमचं कार्ड मिळालं. होय, तुमचं. आज तू 'तू' नाहीस.

"अक्का, सही करून टाक. वॉर्डाला तू हवी आहेस. मी रागावलेलो नाही. काळजी घे."

चार वाक्यं. मी दोन पत्रं भरभरून लिहिली आणि मला परत काय मिळालं, तर 'मी रागावलेलो नाही.' अरे, रागाव की! तुला भर चर्चमध्ये तोंडघशी पाडलं मी. मुद्दाम. कबूल केलं तुला लिहून. माणूस असतास तर दोन शब्द सुनावले असतेस, अक्का, तू कोण लागून गेलीस, असं तरी म्हणाला असतास. लहानपणी पाटीवरून भांडायचास तेव्हा माझी वेणी ओढायचास. ती ओढलेली परवडायची. हे गोड गोड कार्ड माझ्या डोक्यात जातं.

तुला राग येत नाही, कारण तू वर जाऊन बसलायस. तिथून आम्ही सगळे लहान दिसतो, आणि लहानांवर कोण रागावणार? ही नम्रता नाही, सांगून ठेवते. हा माज आहे, फक्त हळू आवाजातला.

सही करणार नाही. दहा दिवस उरलेत, समितीला कळव.

हवालदारांना ताप आहे असं मावशींकडून कळलं. पाय सुजलाय म्हणे. चार मिनिटांत पट्टी बांधल्यावर दुसरं काय होणार? मी असते तर ही वेळ आली नसती.

अक्का

*

२० एप्रिल, सोमवार

धाकट्या,

आज सकाळी मी चादरींची गाडी ढकलत वॉर्डात शिरले. मला मनाई आहे. पण चादरींना नाही, आणि चादरी आपल्या आपण चालत जात नाहीत. नवी नर्स गोळ्या वाटत होती, तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढा एक गुण तिच्यात आहे.

हवालदार उशीला टेकून बसले होते. ताप उतरलाय, पण माणूस निम्मा झालाय. मी म्हटलं, "काय हो, माझ्यामागे ही काय दशा करून घेतलीत?" मग बसले खाटेच्या कडेला आणि तुझ्या नावाने सुरू झाले. की पाहिलंत ना आमचे फादर, जखम दिसली तसा हात मागे, हीच का यांची सेवा, वगैरे वगैरे. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

मग म्हणाले, "अक्का, फादरना मी थांबवलं."

मला काही कळेना. तर त्यांनी आपला हात मांडीवरून थोडा उचलला आणि तळवा पुढे केला. चौकात गाड्या थांबवायला करतात ना, तसा. "असं केलं मी," म्हणाले. "तुम्ही मागे होता, तुम्हाला त्यांची पाठ दिसली. माझा हात दिसला नाही. पट्टीखालचा गॉज जखमेला चिकटला होता. ते हात लावणार म्हटल्यावर मला धीर निघेना. बत्तीस वर्षं थांबवतोय लोकांना, इतकं पटकन कुणी ऐकलं नव्हतं."

मी मांडीवरची चादर उलगडून पुन्हा घडी घातली. चांगली घातलेली घडी तुझ्या अक्काने मोडली, लिहून ठेव कुठेतरी.

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. मिस्सा संपल्यावर तू त्यांना चर्चमागच्या खोलीत नेलंस. लोक बाहेर तुझी वाट पाहत होते आणि तू आत कोमट पाण्याने तो गॉज भिजवत बसलास, पाऊण तास, थोडा थोडा सोडवत. नवी पट्टी तूच बांधलीस. ती मी शुक्रवारी सकाळी पाहिली होती. इतकी वाईट बांधलेली होती की मी मनात म्हटलं, कोण हा आंधळा! आणि तू हवालदारांना म्हणालास, "अक्काला सांगू नका, तिला लागेल."

आता माझं ऐक. तुला मी लिहिलं की मुद्दाम पाय धुतले नाहीत. ते अर्धंच होतं. मी बुधवारपासून त्यांची जखमही उघडली नव्हती. रोज दोनदा बदलायचा गॉज, तो मी दोन दिवस तसाच ठेवला, वास यावा म्हणून. गुरुवारी सकाळी ते मला म्हणाले होते, "अक्का, आज फार ठणकतंय, जरा बघता का?" आणि मी म्हटलं, "आज नाही. आज संध्याकाळी फादर धुतील." हसून म्हटलं. ताप नव्या नर्सने आणलेला नाही. मी आणला. अठरा वर्षांत कुणाच्या पायाला मी मुंगी चावू दिली नाही आणि तुला धडा शिकवायला त्या माणसाला दोन दिवस सडवलं.

तुला हे सगळं माहीत होतं. चिकटलेला गॉज तुझ्याच हाताने निघाला. किती दिवसांचा आहे ते न कळायला तू काय दूधखुळा आहेस? तरी तू गप्प. चारशे लोक तुला नाक मुरडणारा समजले, सेक्रेटरींनासुद्धा मनातून तसंच वाटतंय, आणि तू तोंड उघडलं नाहीस. उघडलं असतंस तर पुढचा प्रश्न आला असता, की जखमेची ही दशा कुणी केली?

आणि म्हणून तो माफीचा कागद इतका मऊ होता! 'अनवधानाने'. तो शब्द सेक्रेटरींचा नाही, त्यांना तो लिहिताही येत नाही. तो तुझा आहे. तू मला सुटायला वाट करून ठेवली होतीस. सही केली असती तर मी वॉर्डात, हवालदार खाटेवर, आणि सगळं झाकलेलं. डाग आतल्या बाजूला.

कुणी सांगितलं होतं रे तुला हे करायला? मी मागितलं होतं का? तुझ्या या मोठेपणाचा मला संताप आलाय. गेल्या पत्रात म्हटलं त्याला माज. तो शब्द मागे घेते, पण संताप मागे घेत नाही. बोलायचं होतंस! तिथेच, सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस, अक्का, हे काय केलंस? मी कोसळले असते, पण त्या माणसाचा ताप आणि तुझी बदनामी अशी चुलीवर शिजत ठेवून मी दोन आठवडे तुला शहाणपण शिकवत बसले नसते. तुझी नम्रता मला महाग पडली.

सेक्रेटरींचा कागद मी फाडलाय. दुसरा लिहितेय.

अक्का

*

२६ एप्रिल, रविवार

धाकट्या,

तू इथे नव्हतास ते बरं झालं. असतास तर वेदीवरून डोळ्यांनी 'नको, नको' करत राहिला असतास.

मिस्सा तुझ्या जागी आलेल्या तरुण फादरनी केली. शेवटी सूचना वाचून झाल्यावर सेक्रेटरी उठले आणि म्हणाले की वृद्धाश्रमाच्या सेविकेला काही सांगायचं आहे. मी पुढे गेले. हवालदारांना मी मुद्दाम आणायला सांगितलं होतं, पहिल्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत. मी लोकांकडे तोंड केलं नाही. त्यांच्याकडे केलं. माझ्या पिशवीत कागद होता, पण चष्मा वाफाळला, मग न वाचताच बोलले. जसं बोलले तसं तुला लिहिते.

"हवालदार, बुधवारी आणि गुरुवारी मी तुमची जखम धुतली नाही. विसरले नाही. मुद्दाम धुतली नाही. मला माझ्या भावाची मान सगळ्यांसमोर खाली करायची होती, त्यासाठी तुमचा पाय वापरला. तुम्ही सांगितलंत की ठणकतंय, मी तुम्हाला संध्याकाळपर्यंत थांबवलं. त्याने तुम्हाला नऊ दिवस ताप आला. फादरनी हात मागे घेतला तो तुम्ही थांबवलंत म्हणून. त्यांना किळस आली नव्हती. नंतर त्यांनीच तुमची जखम धुतली, आणि ते कुणाला कळू दिलं नाही. मी चुकले. मी तुमची माफी मागते. बाकी कुणाची मागत नाही."

सेक्रेटरी माझ्या बाजूला येऊन पुटपुटले, "हे आपलं ठरलेलं नव्हतं." मी म्हटलं, "ठरलेलं होतं ते खोटं होतं, साहेब."

हवालदार काय म्हणतील याची मला भीती होती. त्यांनी हात बाजूला लांब केला आणि चौकात गाड्या सोडतात तसा मनगटातून हलवला. जा पुढे. दोनदा हलवला, मला पहिल्यांदा कळलं नाही म्हणून. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग मावशी रडायला लागल्या, आणि मग मीही. तिथेच, सगळ्यांदेखत. मला त्याची लाज वाटत नाही.

दुपारी वृद्धाश्रम चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी बोलावलं. त्या माझ्यावर चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. म्हणाल्या, "तो पहिला कागद वाचला असतास तर मी तुला ठेवू शकले असते. उलट बोलणं माफ होतं. पेशंटला दुखण्यात ठेवणं माफ करता येत नाही." मी म्हटलं, "सिस्टर, मला माहीत होतं." त्या म्हणाल्या, "मग कशाला?" मी म्हटलं, "त्या वॉर्डात परत जायचं तर हवालदारांच्या खाटेजवळून जावं लागतं." त्यांनी पत्र दिलं. एक तारखेपासून मी मोकळी. अॅप्रन आणि कपाटाची किल्ली जमा केली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. जीव जातोय असं वाटलं. घरी येऊन भिंतीशी बसले आणि हातांचं काय करायचं ते कळेना. पण उद्या पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा हेच बोलेन. कमी नाही आणि मऊ तर मुळीच नाही.

अक्का

*

१० मे, रविवार

प्रिय धाकट्यास,

तुझं पत्र आलं. चार पानं! वाचताना दोनदा चष्मा पुसला. त्यात शेवटी लिहिलंयस की तू समितीशी बोलशील, आता तुझ्या शब्दाला वजन आहे, मला परत घेतील.

खबरदार. एक शब्द जरी बोललास तर मी स्वतः बिशपांकडे येऊन तुझी तक्रार करीन. सिस्टरनी केलं ते बरोबर केलं. मीही दुसऱ्या बाईला काढलंच असतं, आणि वर चार गोष्टी सुनावल्या असत्या. तू मला झाकायला जाऊ नकोस. एकदा झाकलंस, पुरे झालं.

आणि माझी चिंता सोड. सकाळी एका लाँड्रीत काम धरलंय, मावशींच्या ओळखीने. घड्यांचा हात बसलाच होता.

संध्याकाळचं सांगते. वृद्धाश्रमात भेटीची वेळ चार ते पाच असते, हे मला अठरा वर्षं माहीत होतं, पण त्या बाजूने कधी आत गेले नव्हते. सोमवारी गेले. हातात टब, साबण, टॉवेल. दारावरच्या कारकुनाने मला ओळखलं आणि तो बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, "अक्का, तुम्हाला कामावर घेता येत नाही." मी म्हटलं, "काम कोण मागतंय? हवालदारांना भेटायला आलेय." तर म्हणाला, भेटायला फक्त नातेवाइकांना परवानगी. रजिस्टर उघडलं. पेशंटचं नाव, भेटणाऱ्याचं नाव, नातं. "नातं काय लिहू?"

मी अडले. खरंच अडले. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय हल्ली.

हवालदार खुर्ची ढकलत दाराशी आले होते. अकरा वर्षांत त्यांना भेटायला कुणी आलेलं नाही, त्यांच्या नावाचं पान कोरं होतं. ते कारकुनाला म्हणाले, "लिहा, नियम मोडणारी."

"असं लिहिता येत नाही, हवालदार."

"मी आयुष्यभर दंडाच्या पावत्यांवर तेच लिहिलं. पेशंट मी आहे ना? लिहा."

त्याने लिहिलं. मला पास मिळाला.

जखमेला मी हात लावत नाही. ती नव्या नर्सची. तिने आता चारची आठ मिनिटं केलीत आणि गॉज आधी भिजवते, मी शिकवलं नाही, हवालदारांनी शिकवलं. मी फक्त पाय धुते, डावा पूर्ण आणि उजव्याची बोटं. अॅप्रन नाही, हजेरी नाही, बसायला भेटणाऱ्यांचं स्टूल. पहिल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी पाय पुढे केला. नर्स म्हणाली, भेटणाऱ्याने आपल्याच पेशंटपाशी थांबायचं, नियम आहे. बरं म्हटलं, नियम तर नियम.

मंगळवारी गेले तर कारकून कपाळाला हात लावून बसलेला. मास्तरांनी सकाळीच रजिस्टरमध्ये लिहवून घेतलं होतं, ही माझी धाकटी बहीण. पलीकडच्या न्हाव्याने लिहवलं, सून. खिडकीजवळचे जे बोलत नाहीत त्यांनी स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, आई. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत! बुधवारपर्यंत बाराही खाटा झाल्या. सेक्रेटरींनी रजिस्टर पाहिलं, पानं उलटली आणि मिटून परत दिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाच माहीत. कुणाला मला अडवायचं असेल तर त्याने या बारा जणांशी आधी बोलावं.

तुझी माफी मी मागितलेली नाही, लक्षात आहे माझ्या. तू मागूच देत नाहीस, आधीच देऊन बसलास. म्हणून इथे सरळ लिहिते, तुला आवडो न आवडो: धाकट्या, मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला आणि तो मोठ्याने बोलले. मला माफ कर. आता यावर 'मी रागावलेलो नाही' असं लिहिलंस तर याद राख.

एक अडचण मात्र आहे. चार ते पाच, एकच तास. कितीही हात चालवला तरी माझ्याकडून नऊच जणांचे पाय होतात. रोज तिघं तसेच राहतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये. साध्या कपड्यांत ये, फोटोवाल्याला आणू नकोस, दारावर रजिस्टरमध्ये नातं काय सांगायचं ते तुझं तू बघ. टब मी आणते. ते तिघं तुझे.

तुझी,
अक्का